उजेडातला खड्डा

आमच्या धंद्यात खड्डा म्हणजे स्टेजवरची चुकून राहिलेली अंधारी जागा. सगळे दिवे नीट जळतायत आणि तरी मधे एक काळपट ठिगळ उरलंय. नट तिथून चालला की त्याचं तोंड गिळलं जातं आणि पुढच्या पावलाला परत उगवतं. प्रेक्षकाला काय झालं ते कळत नाही, पण त्याचं लक्ष उडतं. खड्डा ठेवणारा लाइटवाला आणि काजं न करता शर्ट विकणारा शिंपी, दोघांची लायकी सारखीच, असं उस्ताद म्हणायचा. उस्ताद म्हणजे ज्याने मला हा धंदा शिकवला तो म्हातारा. माझा नवरा शिंपी आहे, त्यामुळे हे वाक्य मी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याने सुई तोंडात धरूनच मान डोलावली.

मी नाट्यगृहात आले ती शिडी धरायला. वर चढणारा पुरुष, खाली धरणारी मी. एकदा वर गेलेल्या बाप्याचे पाय लटपटायला लागले. मी त्याला बोलत बोलत खाली उतरवलं आणि स्वतः चढले. तेव्हापासून माझं नाव शिडीवाली. पुढे उस्तादाने मला केबिनमध्ये शेजारी बसवलं, आणि तो थकून घरी राहिला तेव्हा त्याच्या खुर्चीत मी बसू लागले. प्रेक्षकांच्या मागे, उंचावर, काचेआडची लहानशी खोली ती. समोर दिवे कमीजास्त करायच्या खटक्यांची रांग, आणि खाली सगळं स्टेज ताटात वाढल्यासारखं. आयुष्यात मला बसायला मिळालेली ती पहिली चांगली खुर्ची.

मग नवे साहेब आले. त्यांनी नियम काढला, की केबिनमध्ये बसणारा माणूस शाळेची शेवटची परीक्षा पास पाहिजे. नियम कुठून आला, कशासाठी आला, हे विचारायची सोय नव्हती. मी शाळा मधेच सोडलेली. सोडली हेही खोटं, मला सोडवली. घरात धाकटी भावंडं होती आणि माझे हात रिकामे दिसत होते. पोरीचे हात रिकामे दिसले की घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतं. भरा ते हात. तसे ते भरले, आणि आता इतक्या वर्षांनी तीच माणसांची जात मला विचारत होती, शाळा का नाही शिकलीस.

दात-ओठ खाऊन अभ्यासाला बसले. भाषा निघाली, इतिहास निघाला, विज्ञान तर निम्मं स्टेजवरच शिकून झालं होतं. राहिलं गणित. त्यात नापास झाले, परत बसले, परत नापास. साहेबांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले की आता एकच संधी, नंतर त्या जागी दुसरा माणूस येईल. मला काढणार नाहीत म्हणे. शिडी आहेच. हसून म्हणाले. खुर्चीवर बसलेला माणूस दुसऱ्याची खुर्ची काढून घेताना हसतो, हे मी तेव्हा जवळून पाहिलं.

आता माझी नणंद. ती शाळेत गणित शिकवते. नवऱ्याहून मोठी, एकटी, आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणारी. आमच्यातून विस्तव जात नाही. तिला मी आवाज करून चहा पिते हे खपत नाही, मला ती मी घासलेला कप उजेडात धरून बघते हे खपत नाही. तरी तिच्याकडेच जावं लागलं. वर जायच्या जिन्यात मी दोनदा मागे फिरले. शेवटी दारात उभी राहून म्हणाले, "ताई, मला गणित शिकवाल?"

ती चष्म्यावरून बघत राहिली. "माझ्या भावाने पाठवलं का तुला?"

"त्याला माहीतही नाही."

"मग ये," ती म्हणाली. "चप्पल बाहेर काढ."

बीजगणित तिने माझ्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलं. भूमिती मला येतच होती, फक्त तिची नावं ठाऊक नव्हती. पण संच आले आणि गाडी रुतली. खरं तर पुस्तकातलं हे सगळ्यात सोपं प्रकरण. वर्गातल्या काही पोरांना चहा आवडतो, काहींना कॉफी, काहींना दोन्ही. दोन वर्तुळं काढायची, एकमेकांवर थोडी चढलेली. दोन्ही संचांत जे आहे ते मधल्या सामाईक भागात लिहायचं, त्याला छेद म्हणायचं.

मी मधल्या भागात सगळंच लिहिलं. डावीकडचंही, उजवीकडचंही.

ताईने वही माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, हा छेद नाही, हा संयोग झाला, दोन्हींची बेरीज. मी म्हटलं मधे दोन्ही वर्तुळं आहेत ना, मग मधे दोन्हींचं सगळं नको? ती म्हणाली, दोन्हींचं सगळं नाही, दोन्हींत असलेलं. मी म्हटलं तेच तर म्हणतेय. असं आम्ही एकमेकींना तेच वाक्य परत परत ऐकवत राहिलो, शेवटी खालून नवऱ्याने विचारलं की आज कोणत्या भांड्यावरून चाललंय.

ते कसंबसं पाठ केलं. दोन्हींत असेल तेच लिहायचं, समजलं नाही तरी लिहायचं. मग दुसरी गंमत सुरू झाली. ज्या गणितात दोन्हींत काहीच सामाईक नसे, तिथे मी काहीतरी लिहून यायचे. कुठलातरी एक आकडा उचलायचा आणि मधे ठेवायचा. ताई कपाळाला हात लावायची.

"हा सात इथे कुठून आला?"

"मधे काहीतरी नको का?"

"का हवं?"

हात आपोआप जायचा. रिकामी जागा दिसली की तो थांबायचाच नाही. ताईला वाटलं मी मुद्दाम करतेय. एकदा पेन आपटून म्हणाली, "तुझ्या आवडी आणि माझ्या आवडी, यांचा छेद काढ बघू. काय येईल?"

"काही नाही येणार," मी म्हटलं.

"अगदी बरोबर. त्याला रिक्त संच म्हणतात. एवढं आलं ना तुला? मग वहीत का येत नाही?"

"वहीत भांडण नसतं," मी म्हटलं. ती हसू आवरायला खिडकीकडे वळली. मग मी आणखी म्हटलं की एक गोष्ट सामाईक आहे, तुमचा भाऊ आणि माझा नवरा. ती म्हणाली, तो कसला सामाईक, भांडण लागलं की तो दोन्ही वर्तुळांच्या बाहेर जाऊन शिवण घालत बसतो.

परीक्षा जवळ आली. मागच्या दोन्ही वेळा याच प्रकरणाने मला बुडवलं होतं, हे ताईने जुन्या प्रश्नपत्रिका माझ्याकडून परत सोडवून घेतल्या तेव्हा कळलं. एक-दोन प्रश्नांनी पास व्हायचं हुकत होतं. आणि त्या एक-दोन प्रश्नांत दर वेळी मधे कुठलातरी आगंतुक आकडा बसलेला. चिडून मी वही मिटली आणि म्हणाले की मला तुमची वर्तुळं दिसतच नाहीत, मला दिवे दिसतात. दोन दिवे एकमेकांवर पडले की मधे उजेड वाढतो. तिथे सगळं जास्तच असतं. तिथे कमी असतं हे माझं डोकं मानत नाही.

ताईने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "दाखव."

प्रयोग नसलेल्या दुपारी मी तिला नाट्यगृहात नेलं. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, झाडलोट झालेली, धुळीचा वास. ती स्टेजवर उभी राहिली, हातातली पर्स सोडायला तयार नाही. मी केबिनमध्ये गेले. सरळ वरून खाली सोडलेला दिवा जमिनीवर गोल काढतो, तिरका सोडला की त्याचं अंडं होतं. मी सरळ लटकवलेले दोन निवडले. डावा लावला, उजवा लावला. लाकडी जमिनीवर दोन गोल पडले, एकमेकांत थोडे शिरलेले, आणि मधे माशाच्या आकाराची झगझगीत फाक.

ताईने पर्स खाली ठेवली. मग विंगेत जाऊन सामान घेऊन आली. डाव्या गोलात खुर्ची, उजव्यात पेटी, मधल्या फाकेत बादली, आणि दोन्हींच्या बाहेर झाडू.

"डावा एकटा ठेव," ती ओरडली.

मी उजवा विझवला. खुर्ची आणि बादली उजेडात. पेटी बुडाली.

"आता उजवा एकटा."

खुर्ची बुडाली, पेटी वर आली. बादली होती तिथेच, उजेडात.

"परत."

मी परत केलं. डावा, उजवा, डावा, उजवा. खुर्ची येत होती जात होती, पेटी येत होती जात होती. झाडूला कोणी विचारत नव्हतं. आणि ती पत्र्याची, बुडाला पोचे आलेली बादली. कुठलाही दिवा लावा, ती उजेडात. माझी बोटं खटक्यावर थांबली. उस्ताद सांगायचा, मुख्य नटाला कायम दोन दिव्यांखाली उभं कर, एक गेला तरी त्याचं तोंड जायचं नाही. जन्मभर मी हेच करत आले होते. माणसाला छेदात उभं करत आले होते.

"कळलं का?" ताई खालून म्हणाली. "मधे उजेड जास्त आहे म्हणून तुला वाटतं तिथे सामानही जास्त. उलटं आहे. उजेड जास्त, जागा कमी. दोन्ही दिव्यांना जे पुरून उरतं, तेवढंच तिथे."

मी काचेआड मान हलवली, जी तिला दिसणं शक्य नव्हतं.

मग ती म्हणाली तिसरा लाव. तिसरा दिवा, दिवे टांगायच्या मागच्या पाइपावर होता आणि तो मी नीट बसवलेला नव्हता. तो लागला, आणि माझ्या अंगावर काटा आला, लाजेने. तिसरा गोल पहिल्याला टेकला होता, दुसऱ्यालाही टेकला होता, दोन्हींशी त्याच्या फाका झाल्या होत्या, पण तिन्हींच्या मधोमध, स्टेजच्या बरोबर पोटात, खड्डा. काळाकुट्ट.

मी केबिनमधून धावत खाली आले, जिना उतरून, प्रेक्षकांच्या रांगांमधून, सरळ विंगेकडे.

"कुठे निघालीस?"

"शिडी आणते. खड्डा पडलाय, दिवा थोडा पुढे ओढला की बुजेल."

"राहू दे."

"अहो, कोणी बघितलं तर—"

"कोण बघतंय? मी बघतेय. हात लावू नकोस त्याला."

असं तिने मला घरातही कधी दटावलं नव्हतं. मी रांगेच्या कडेला उभी राहिले. ताई चालत गेली. पहिल्या दोन गोलांच्या फाकेत तिचे पांढरे झालेले केस चमकले, चष्म्याची काच चमकली, आणि पुढच्या पावलाला ती नाहीशी झाली. खड्ड्यात उभी होती. तिथे कोणीतरी आहे एवढाच अंदाज येत होता.

"वर जा," काळोखातून आवाज आला. "एकेक करून लाव आणि सांग मी दिसते का."

मी वर गेले. पहिला एकटा लावला. ती नाही. दुसरा एकटा. ती नाही. तिसरा. नाही. तिन्ही वेळा वेगवेगळ्या बाजूंनी उजेड तिच्या पायापर्यंत येऊन थांबत होता. मग मी तिन्ही लावले.

तिने हात पसरले. दोन्ही हात कोपरापर्यंत उजेडात आले, बांगड्या, शाई लागलेली बोटं, तळहाताच्या रेषा. एक हात एका फाकेत, दुसरा दुसऱ्या. त्या हातांच्या मधली बाई मात्र नव्हती. कोणीच नसलेल्या जागेतून दोन हात बाहेर आले होते.

मी इतकी वर्षं खड्डे बुजवत आले होते. एकाही खड्ड्याकडे मी कधी बघितलं नव्हतं. आता बघितलं. त्याला आकार होता. तीन आत वळलेल्या कडा, तीन टोकं, कात्रीने कापल्यासारखी साफ. मी पहिला दिवा विझवला तर तो पसरून इतर अंधारात मिसळला, खड्डा उरलाच नाही. तिन्ही विझवले तर सगळीकडेच काळोख, मग कुठला खड्डा. परत तिन्ही लावले आणि तो जागच्या जागी हजर. म्हणजे तो अंधार त्या तीन दिव्यांनीच केलेला होता. तिथे उजेड पोचला नाही म्हणून नव्हे, तर तीन उजेड आपापल्या जागी खरे होते म्हणून तो तिथे होता. काही नसणं हेही इतकं नेमकं असू शकतं, त्याला काठ असू शकतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काच सरकवून मी खाली विचारलं, "ताई, तिथे कोण आहे?"

"तिन्हींचा छेद इथे पडला असता, पण पडला नाही, म्हणजे रिक्त संच. आणि ती जागा मी उगाच भरतेय," ती म्हणाली. "थांब, बाहेर येते. मग बघ."

ती बाहेर आली. तिथे कोणी नव्हतं. आम्ही दोघी, ती स्टेजच्या कडेला आणि मी काचेआड, त्या कोणी नसण्याकडे बघत राहिलो. ताई पर्स उचलायचीही विसरली होती. म्हणाली, "मी हे फळ्यावर किती वेळा काढलंय गं."

घरी जाताना ती बोलली. म्हणाली, तुझा हात का जातो ते मला कळलं. आपल्याला लहानपणापासून हेच तर शिकवलंय, रिकामं दिसलं की भर. ताट भर, पाणी भर, कोणी गप्प बसलं तर बोलून ती जागाही भर. मी म्हटलं तुम्हालासुद्धा? ती म्हणाली, "मला लग्नाचं विचारणारी माणसं दुसरं काय करत होती? माझ्या घरात खड्डा दिसायचा त्यांना."

परीक्षेचा हॉल म्हणजे पंख्यांचा घरघराट आणि माझ्याहून निम्म्या वयाची पोरं. त्यातली दोन माझ्याकडे बघून खुसखुसली. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ती आपापल्या उत्तरपत्रिकेत शिरली. पेपर सोपा होता असं म्हणणार नाही. पहिल्या भागात माझे दोन प्रश्न बुडाले हे मला तिथेच कळलं. मग संच आले. पहिल्या संचात दोन, तीन, पाच. दुसऱ्यात तीन, चार, सात. तिसऱ्यात पाच, सात, नऊ. तिन्हींचा छेद काढा.

मी डोळे मिटले आणि केबिनमध्ये जाऊन बसले. पहिला दिवा लावला: दोन, तीन, पाच. दुसरा लावला, तीनवर दोन्ही उजेड पडले. तिसरा लावला, पाचावर पडला, सातावर पडला. तीन फाका, प्रत्येकीत एकेक आकडा, झळझळीत. आणि मधे.

हात गेला. खोटं कशाला सांगू, गेलाच. सात तिथे इतका जवळ होता, जरा आत ढकलला की मधे बसला असता, तीनही तसाच. पेनाचं टोक कागदाला टेकलंसुद्धा. समोर केबिनची खुर्ची होती, साहेबांचं हसू होतं, आणि हातात शिडी धरायची सवय होती. मग मी पहिला दिवा एकटा लावला. सात बुडाला. दुसरा एकटा लावला. पाच बुडाला. तिसरा लावला. तीन बुडाला. तिन्ही आकडे कुठे ना कुठे बुडत होते. कोणी उरत नव्हतं.

मी महिरपी कंस काढला. तो उघडला, आणि काही न लिहिता बंद केला. दोन वाकड्या रेघा, मधे पांढरा कागद. पेन खाली ठेवलं. इतका स्वच्छ खड्डा मी आयुष्यात केला नव्हता. पर्यवेक्षक बाई जवळून गेल्या, त्यांना वाटलं असणार मी अडकलेय. म्हणाल्या, राहिलं असेल तर पुढचं सोडवा. मी म्हटलं राहिलं नाहीये, झालंय.

पास झाले. काठावर. साहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि परत दिला, या वेळी हसले नाहीत. नवरा म्हणाला, खुर्चीला गादी शिवून देऊ का. ताई म्हणाली, "काठावर पास झालीस हे बाहेर सांगू नकोस, माझं नाव जाईल." आणि माझा कप उजेडात धरून बघितला.

पुढच्या नाटकात एक प्रवेश होता. आई गेल्यानंतर तीन भावंडं पहिल्यांदा एका खोलीत येतात. थोरला आणि मधली बोलतात, मधली आणि धाकटा बोलतात, धाकटा आणि थोरला भांडतात. तिघं मिळून एकदाही बोलत नाहीत, कारण तिघांना एकत्र बोलवणारी आईच होती. रंगीत तालमीला मी तीन दिवे सोडले. दोघं बोलायचे ते फाकेत येऊन बोलायचे. मधे मी खड्डा ठेवला.

दिग्दर्शक तालीम थांबवून मागे वळला. साहेबही पुढच्या रांगेत होते. दोघं एकदम बोलले.

"मधे अंधार राहिलाय, शिडीवाली."

"राहिलेला नाही," मी काच सरकवून म्हटलं. "ठेवलाय. पुढे चालू द्या."

दिग्दर्शक काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात धाकट्याचं काम करणारा नट थोरल्याशी भांडून मागे हटला आणि त्याची टाच खड्ड्याच्या कडेला आली. त्याने खाली बघितलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, संहितेत तसं काही नव्हतं, पण त्याने पाय उचलून मागे घेतला, आई बसलेली असावी तिथे आणि तिला धक्का लागू नये, तसा. मग इतर दोघांनीही बघितलं. तिघं त्या काळ्या तुकड्याभोवती उभे राहिले, प्रत्येकाची चप्पल उजेडात, आणि कोणीही पुढचं वाक्य बोलेना.

शेवटच्या रांगेत, माझ्या काचेच्या बरोबर खाली, मी बोलावलेली ताई बसली होती. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, आणि परत लावून त्या मधल्या जागेकडे बघत राहिली.

माझी बोटं तिन्ही खटक्यांवर होती. मी ती हलवली नाहीत.